करंगळी कोणी ओढली

सुदाम, लेका, भांडण अर्ध्यावर टाकून गेलास. माणसानं मरावं, मरायला कोणाची ना नाही, पण समोरच्याला निदान बोलू तरी द्यावं. तू सवयीप्रमाणं शेवटचा शब्द स्वतःकडं ठेवलास आणि मला बसवलंस इथं गांधीबागेत, आमच्या कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर, लट्ठ्याच्या गठ्ठ्यांमध्ये, कागद घेऊन.

आपल्या हॉकीवाल्या मंडळींना तुझ्यावर काहीतरी छापायचं आहे. जन्म कुठला, कप कोणते जिंकले, शिकला किती, असं सगळं लिहून दे म्हणाले. ते दुसरा कोणी लिहील. मला तुझ्याशीच बोलायचं आहे आणि रविवारच्या आत बोलायचं आहे. रविवारी फायनल आहे. रेडिओवाल्यांनी कॉमेंट्रीला तुझ्या खुर्चीत मला बसायला सांगितलं आहे, आणि मला भीती वाटून राहिली आहे. घे, लिहिलं. हस आता.

तिथं बसायच्या आधी मला एका गोष्टीचा निकाल पाहिजे. त्या शेवटच्या मॅचला तुझी करंगळी मी ओढली, असं तू म्हणालास. मी नाही ओढली. मग कोणी ओढली?

हे वाचणाऱ्याला काही समजणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू मध्ये टोकू नको.

मी बॅक आणि तू गोलकीपर. म्हणजे खेळलो तितकी सगळी वर्षं तू माझ्या पाठीमागं. घरी, चहाच्या टपरीवर, तुझ्या लग्नात तुझं तोंड पाहिलं, पण मॅच सुरू असताना कधीच नाही. मॅचमध्ये तू म्हणजे नुसता आवाज, तोही माझ्या मानेवर. "मधू, डाव्या हाताले!" "मधू, सोड, माझा हाय!" "मधू, झोपला काय बे?" मैदानातली पोरं म्हणायची की या गोलीला एक दिवस घसा बसून मरण येईल. आणि तुझा आवाज आधी यायचा, बॉल मागून. समोरच्या फॉरवर्डनं स्टिक उचललेली नसायची तेव्हा तू मला डावीकडं पिटाळलेलं असायचं, आणि बॉल यायचा तो डावीकडूनच.

एका मॅचनंतर मी विचारलं, "तुले कसं समजते बे?"

"बॉल नसते पाहाचा. मारनाऱ्याचा खांदा पाहाचा असते."

पटलं मला. पण पुढं विचार केला की त्या दिवशी तर सूर्य तुझ्या डोळ्यांवर होता, खांदा काय आणि डोकं काय, तुला काहीच दिसत नव्हतं. तेव्हा विचारायचं राहिलं. तुझ्या बाबतीत विचारायचं फार राहिलं आहे.

आपला हबीब. लेफ्ट आउट. कामठीचा, घरी हातमाग, सकाळभर मागावर बसायचा आणि दुपारी सायकल हाणत मैदानावर. त्याची एक खोड होती. बुली होऊन खेळ सुरू व्हायच्या आधी आपण ओळीत उभे राहिलो की तो एकेकाची डाव्या हाताची करंगळी ओढत जायचा. कोणाला बरं वाटो की नको. "चलो भाई, दुकान खोलो." शेवटी धावत तुझ्यापर्यंत, गोलात. तू आधीच ग्लोव्ह काढून करंगळी पुढं करून उभा. अंपायर शिट्टी वाजवून वाजवून थकायचा, पण हबीबनं तुझी करंगळी ओढल्याशिवाय आपली मॅच सुरू झाली नाही.

टायफॉइडनं गेला तो. पंचविशीही झाली नव्हती. पुढच्या मॅचला आपण ओळीत उभे राहिलो, शिट्टी झाली, आणि कोणाला जागचं हलवेना. सगळ्यांचे डावे हात लोंबत होते. नवीन लेफ्ट आउट वर्ध्याचा पोरगा, त्या बिचाऱ्याला वाटलं की त्याचं काही चुकलं.

त्या मॅचमध्ये तू मागून ओरडलास, "हबीब, माघारी ये!" आणि तो वर्ध्याचा पोरगा माघारी आला. बॉल वाचला. मॅच संपल्यावर तू पॅड सोडत होतास तेव्हा मी तुला म्हटलं, "अरे, त्याचं नाव हबीब नाही." तू म्हणालास, "मले मालूम हाय." बस. पॅडच्या पट्ट्या सोडत राहिलास. मला वाटलं, सवयीनं नाव आलं असेल. आजही तेच वाटावं अशी फार इच्छा आहे.

डोळ्याचं सगळ्यांना माहीत आहे, पण जसं मी पाहिलं तसं सांगतो. कामठीचं मुरमाड मैदान, शॉर्ट कॉर्नर. तेव्हा तोंडाला ना जाळी ना डोक्याला काही. पायाला पॅड, हातात ग्लोव्ह, बाकी देवाच्या भरवशावर. बॉल खड्यावरून उसळला आणि तुझ्या डाव्या डोळ्यावर बसला. आवाज मी ऐकला. तो मी लिहीत नाही. तू पडला नाहीस. एक हात डोळ्यावर धरून तू पायानं बॉल बाहेर ढकललास आणि मला विचारलंस, "गेला काय?" बॉलचं विचारत होतास की डोळ्याचं, ते मला अजून समजलेलं नाही. मी "गेला" म्हटलं. दोन्ही खरं होतं.

एका डोळ्याचा गोलकीपर कोण ठेवणार? पण घरी बसणारा तू नव्हतास. गोलच्या मागच्या सिमेंटच्या पायरीवर येऊन बसायचास आणि नव्या गोलीवर ओरडायचास. तिथंच तुला रेडिओनं पकडलं. बाहेरून आलेले कॉमेंट्रीवाले साहेब, फार शुद्ध, चेंडू म्हणायचे, चुरस म्हणायचे, पण पोरांची नावं त्यांच्या तोंडात गुळणीसारखी फिरायची. नावं सांगायला म्हणून तुला शेजारी बसवलं. पहिला हाफ संपेस्तोवर साहेब चहा पीत होते आणि माइक तुझ्याजवळ होता. तुला नवीन काही करावं लागलंच नाही रे. गोलात उभा राहून आयुष्यभर तू तेच केलं होतंस, फक्त ऐकणारा मी एकटा होतो. आता अख्खं नागपूर ऐकू लागलं.

दोन-तीनदा तुला समज मिळाली, शुद्ध बोला म्हणून. मग तू सुरुवातीला शुद्ध बोलायचास, लग्नात आलेल्या पाहुण्यासारखा आखडून. दहा मिनिटं गेली की "पाहा, पाहा, गेला ना बाप्पा तिकडून!" पानठेल्यांवर लोक त्याचीच वाट पाहत थांबायचे. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापडाचं थान पसरून ठेवायचं आणि ट्रान्झिस्टरला कान लावायचं. माझे थोरले भाऊ कपाळाला हात लावायचे.

मग ती टपरी. तू चहा बशीत ओतायला गेलास आणि टेबलावर ओतलास. मी हसलो. तू हसला नाहीस.

"मधू, या डोयानंही आता बॉल दिसत नाही. पोट्टे दिसते, धुक्यातल्यावानी. बॉल नाही."

"मंग सोड ना गा. डॉक्टरले दाखव, अन् सोड."

"दाखवलं. सोडून काय करू? कमलच्या पोळ्या लाटायची कॉमेंट्री करू?"

मी चिडलो होतो. दोन महिने आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण तू टेबलावरचा चहा बोटानं पुसत बसला होतास आणि तुझं बोट चहाच्या भलत्याच बाजूला फिरत होतं. ते पाहून माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, मी बसतो तुझ्या बाजूला.

खुणा तिथंच ठरवल्या. तुझा डावा हात टेबलावर पालथा. पाच फॉरवर्ड, पाच बोटं. अंगठा म्हणजे राइट आउट, करंगळी म्हणजे लेफ्ट आउट, मधले तीन मध्ये. माझं बोट तुझ्या बोटाच्या पेरावर टेकवलं तर आपली बाजू, नखावर टेकवलं तर समोरची. मनगट म्हणजे हाफ, कोपर म्हणजे बॅक. तळव्याखाली बोट सारलं की गोल. दोन्ही टीमची नावं तू आधीच पाठ करून यायचास. मी स्कोअरर म्हणून शेजारी. डेस्कच्या आडोशाला काय चाललं आहे, ते कोणालाच दिसायचं नाही.

सराव आपण सक्करदऱ्याच्या तलावाकडच्या मोकळ्या जागेत केला. भर दुपार, एप्रिलचं ऊन, कुत्रंही बाहेर नाही. बाभळीच्या सावलीत सतरंजी. मॅच नव्हती, म्हणून आपण आपलीच जुनी टीम मनानं खेळवली. मी बोटं ठेवायचो, तू बोलायचास. हबीबसाठी मात्र करंगळी नुसती दाबायची नाही, ओढायची, असं तूच ठरवलंस. म्हणालास, त्याच्याशिवाय सुरूच कशी होईल? मी ओढली. तू बोलायला लागलास, आणि असा बोलायला लागलास की माझी बोटं मागं पडायला लागली. शेवटी मी हात काढून घेतला. तू थांबलाच नाहीस. डावीकडून हबीब, हबीब लाइनजवळ, हबीबनं चकवलं, सेंटर केला. तुझे दोन्ही डोळे मिटलेले होते.

तेव्हा तो म्हशीवाला. तलावावरून म्हशी घेऊन येत होता, थांबला. मला वाटलं, आपल्या दोघांना पाहून थांबला. पण तो आपल्याकडं पाहतच नव्हता. रिकाम्या मैदानाकडं पाहत होता आणि त्याची मान डावीकडून मध्ये, मधून डावीकडं अशी वळत होती. तू थांबलास तशी त्याची मान थांबली. मग येऊन त्यानं विचारलं, "तुमचे बाकीचे पोट्टे कुठं गेले जी?"

तू हसलास, "घरी गेले" म्हणालास. मला नाही हसू आलं. मी सतरंजी घडी न करताच काखेत मारली आणि निघालो. तू मागून ओरडत आलास, अबे थांब, मले दिसत नाही म्हनून.

किती वर्षं चाललं ते! आणि लोक काय म्हणायचे? "सुदामभाऊची नजर पाहा! आम्हाले मैदानावर बसून दिसत नाही ते त्याले दिसते." तू गंभीर चेहरा करून "कृपा हाय" म्हणायचास. मी टेबलाखालून लाथ मारायचो. कमलवहिनींना तेवढं माहीत होतं. त्या म्हणायच्या, बोटं भाऊजीचे अन् हार यांच्या गळ्यात. खरं सांगू का, मला हाराचं कधी काही वाटलं नाही. मी कापड फाडणारा माणूस. तुझ्यासाठी पाहायचं म्हणून मी पाहायला शिकलो. मॅच तर मॅच, रस्त्यानं जातानाही तुला सांगायला म्हणून मी सगळं पाहायचो. कोणाचं दुकान उघडं, कोणाच्या अंगणात बोगनवेल फुलली, कोण म्हातारं झालं. तुझा डोळा गेला आणि मला दोन आले. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. फार आभारी आहे गा मी तुझा.

पण तू पुढं पळायला लागलास. मी बोट ठेवायच्या आधी तू नाव घ्यायचास. आधी मला वाटलं, जुना खेळाडू आहे, आवाजावरून ओळखत असेल. स्टिकवर बॉल बसला की कुठं गेला, हे कानाला समजतं. चल, तेही मान्य. मग एका मे महिन्यात मी मुद्दाम हात खिशात घालून बसलो. पाहावं म्हटलं. तू एकदाही अडखळला नाहीस. आणि मॅच संपल्यावर मला विचारलंस, "आज तुहे बोटं काहून इतके थंडे होते गा?"

"मी तुले हातच लावला नाही," मी म्हटलं.

तू हसलास. तुला वाटलं मी मस्करी करून राहिलो. त्या दिवशी डेस्कच्या लोखंडी पट्टीला हात लावला तर चटका बसत होता. थंडं काय असणार होतं तिथं? मी घरी येऊन कोणालाही सांगितलं नाही. तुलाही पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर मात्र मी मॅचभर तुझ्या हातावरून बोट उचललं नाही, मधे जागाच राहू द्यायची नाही म्हणून.

आणि ती शेवटची मॅच, कामठीला. दुसऱ्या हाफमध्ये आपल्या बाजूचा लेफ्ट आउट गुडघा धरून लाइनबाहेर बसला होता. दहाच जण खेळत होते. डावीकडं कोणी म्हणजे कोणी नव्हतं, नुसतं ऊन होतं. सेंटर हाफनं आंधळेपणानं बॉल तिकडं मारला. माझं बोट तुझ्या मनगटावर होतं, हे मी आजही शपथेवर सांगतो. आणि तू सुरू झालास. "डावीकडून हबीब. हबीबकडं बॉल. हबीब लाइनजवळ, हबीबले कोनी अडवत नाही..." बॉल सरळ लाइनबाहेर गेला आणि कुंपणापाशी जाऊन थांबला. मी तुझा दंड दाबला. तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिकडं पाहवेना.

परत येताना बसमध्ये आपली जुंपली. पुढच्या बाकावरच्या बाया वळून पाहत होत्या.

"हबीब कुठून आला रे? लोक हसतील आपल्याले!"

"तू करंगळी ओढली."

"मी नाही ओढली."

"अबे, ओढली ना तू. चांगली ओढली, त्याच्यावानी. मी म्हटलं, मधूले दिसला."

"मले काय दिसते? तिथं कोनी नव्हतं! तुहं डोकं फिरलं हाय सुदाम. बस झालं आता. मी पुढच्या मॅचले येत नाही, तू अन् तुहा रेडिओ पाहून घ्या."

तुझा थांबा आला. रोज माझा दंड धरून उतरायचास. त्या दिवशी धरला नाहीस. दांडा चाचपत उतरलास, खाली उभा राहिलास, आणि बस हलता हलता खिडकीकडं तोंड करून म्हणालास, "मधू, तुह्या बोटाईले विचार."

त्यावर मी काही बोलणार, तर बस निघाली. मी आठवडाभर तुझ्याकडं आलो नाही. येणार होतो. मग सकाळीच तुमच्या शेजारचे आले सांगायला, की तू चहाचा कप हातात घेऊन खुर्चीतच गेलास.

आलो तेव्हा तुला खाली घेतलं होतं. मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? तुझा डावा हात. चार बोटं नीट मिटलेली आणि करंगळी वेगळी, ताठ, पुढं केलेली. वहिनींनी दोनदा आत दुमडली. दोनदा ती परत बाहेर आली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

म्हणून रविवारची भीती वाटते. त्या खुर्चीत बसलो आणि डावीकडच्या मोकळ्या जागेत मला कोणी दिसलं तर मी काय करू? आणि खरं सांगतो, कोणीच दिसलं नाही, तू सुद्धा नाही, तर त्याचं मी काय करू? मी वहिनींना सांगून टाकलं की मला जमणार नाही. त्या डोळ्यांत पाणी न आणता म्हणाल्या, "जा भाऊजी. त्या वेळेले घरात लय सुनं लागन. मी रेडिओ लावून बसीन." जातो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज सोमवार आहे आणि वहिनींकडून आताच आलो आहे.

मी गेलो सुदाम. बसलो. माझ्या डाव्या बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवली होती, कोणी ठेवली ते विचारलं नाही. मी तिच्यावर स्कोअरशीट ठेवून टाकली. आणि मग मॅचमध्येच गुंतलो. मैदानावर जे होते तेच मला दिसले, एकही जास्त नाही. हाफटाइमला मला इतकं हलकं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की चहा तसाच ठेवून दिला. म्हटलं, झालं, गेला. आता खरंच गेला.

शेवटी आपली बाजू एका गोलनं पुढं होती. वेळ संपत आली होती. समोरचा सेंटर फॉरवर्ड एकटा सुटला. आपला गोलकीपर, पोरगाच आहे, घाईनं पुढं आला, घसरला आणि पार सर्कलच्या टोकाशी आडवा पडला. मागं गोल उघडा. फॉरवर्डनं बॉल सरळ ढकलला. मी खुर्चीतून उठलो होतो आणि ओरडून राहिलो होतो, काय ओरडलो ते मला आठवत नाही. बॉल लाइनपर्यंत आला. तिथं, मोकळ्या गोलच्या तोंडाशी, तो एकाएकी थांबला आणि बाजूला वळून बाहेर गेला. ना पोस्टला लागला, ना कोणाच्या स्टिकला. रेडिओवाला म्हणाला, खडा असेल. असेल. मॅच संपल्यावर मी खाली जाऊन पाहिलं. सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेली जागा होती, हातावर घ्यायला एक खडा नव्हता. परत आलो तर सगळे म्हणाले, छान बोललात, पण माझ्याकडं सरळ कोणी पाहत नव्हतं. मला वाटलं, दुःखातला माणूस म्हणून.

आज सकाळी वहिनींकडं गेलो. त्या चहा टाकत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरं बोलले भाऊजी तुम्ही. मले वाटलं नव्हतं. फक्त शेवटी शेवटी..."

"काय झालं शेवटी?"

"तुम्ही म्हटलं, गोलमध्ये सुदाम. सुदाम एकटा हाय. सुदाम पुढं आला."

मी खाली बसलो. सुदाम, तुझी शपथ, तुझ्या त्या गेलेल्या डोळ्याची शपथ, मला माहीत नाही मी हे म्हटल्याचं. अख्ख्या नागपूरनं ऐकलं आणि मी ऐकलं नाही. तोंड माझं, जीभ माझी, आणि मला पत्ता नाही. मग बोटांचं मी कोणत्या भरवशावर सांगत होतो तुला? बसमध्ये चार लोकांसमोर तुझं डोकं फिरलं म्हणालो. तू खरा असशील. मीच ओढली असेल. किंवा नसेल ओढली. मला आता कशाचीच शपथ घेता येत नाही.

वहिनी चहाकडंच पाहत होत्या. उतू आला तरी त्यांनी भांडं खाली उतरवलं नाही.

"ते ऐकलं अन् मी रेडिओ बंद करून टाकला," त्या म्हणाल्या. "पुढचं ऐकवलं नाही मले. हात-पाय थंडे पडले." मग वळल्या. "भाऊजी, अडवला काय त्यांनी?"

"हो वहिनी," मी म्हटलं. "अडवला."

"कोन्या पायानं?"

"डाव्या."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

"मंग मी रेडिओ उगाच बंद केला."